ट्रॅक्शन कंट्रोलची पिवळी लाइट: बटण कधी दाबायचं, चाक कधी खोलायचं

मृगाच्या सरी पडून जरा दिवस गेले की ठरलेल्या तक्रारी सुरू होतात, आणि गणपतीत चाकरमानी गाड्या घेऊन गावी उतरले की त्यांना ऊत येतो. गुहागर-चिपळूण पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करत असल्यामुळे त्या माझ्याच पदरात पडतात. "डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र लागलंय, काही केल्या जात नाही." "वाडीच्या चढणीत मध्येच गाडीचा दम जातो, रेस देतोय पण उचलतच नाही." पाऊस सरला की तिसरी तऱ्हा: पुळणीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, गाडी घातली आणि रुतली. तिघांनाही कुणीतरी एकच औषध सांगितलेलं असतं: ते बटण दाब आणि ट्रॅक्शन बंद कर. पुळणवाल्याला ते लागू पडतं, चढणवाल्याला कधी पडतं कधी नाही, आणि ज्याची लाइट जात नाही त्याला तर काडीचा उपयोग नाही. म्हणून आधी आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते बघू.

लाइट नीट बघा

गाडीचं चित्र आणि मागे दोन नागमोडी रेघा, अशी ती पिवळी लाइट. कंपनीगणिक नाव वेगळं: कुणी ईएसपी म्हणतं, कुणी ईएससी, होंडावाले व्हीएसए, टोयोटावाले व्हीएससी. ही गाडी घसरू न देणारी सिस्टिम, आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे रेस दिल्यावर चाक गरगरू न देणं, हा तिचाच एक भाग. नावावरून गोंधळू नका, लाइट कशी वागते ते बघा.

लुकलुकली आणि विझली, तर सिस्टिम आपलं काम करतेय. चाक घसरलं, तिनं पकडलं, इतकंच. यासाठी गॅरेजला यायचं कारण नाही. स्थिर लागलीय आणि सोबत 'ऑफ' दिसतंय, तर कुणीतरी बटण दाबलंय. डॅशबोर्ड पुसताना किंवा मागच्या सीटवरून पुढे आलेल्या पोरांच्या हातून हे हमखास होतं. पुन्हा दाबलं की गेली. स्थिर लागलीय, 'ऑफ' नाही, आणि बहुतेक वेळा शेजारी एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमची) लाइटही आहे, तर बिघाड आहे. सिस्टिम स्वतःच बंद पडलीय, मग बटण दाबून तुम्ही काय बंद करणार?

चावी फिरवल्यावर ही लाइट दोन-तीन सेकंद लागून विझायला हवी. सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून बघा. गाडीत ही सिस्टिम असूनही लागलीच नाही तर मीटर उघडून कुणीतरी ती मारलीय असं धरून चाला.

आत काय चालतं

चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकी रिंग त्याच्यासमोरून जाते आणि त्यावरून चाक किती वेगानं फिरतंय ते एबीएसच्या कंट्रोल युनिटला कळतं. मुळात हे एबीएससाठीच आलं. ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ नये म्हणून बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजला लागलं. पुढे त्याच सेन्सरांवर उलटं काम सुरू झालं: रेस दिल्यावर चाक जागच्या जागी गरगरू नये. आणि १९९५ मध्ये त्यात गाडी आडवी सरकतेय का ते ओळखणारा सेन्सर आणि स्टिअरिंग किती वळवलंय ते सांगणारा सेन्सर मिळून ईएसपी झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे चाकातले चार सेन्सर आता वाडीवाडीत पोचलेत आणि त्यांची दुखणीही.

चढणीत दम का जातो ते कळायला डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच, समजलं पाहिजे. साध्या डिफरन्शिअलमध्ये इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकाला सारखाच जातो, आणि तो किती जाणार हे ठरतं कमी पकड असलेल्या चाकावरून. डावं चाक शेवाळावर आलं की उजव्याखाली कोरडं काँक्रीट असूनही काही उपयोग नाही, कारण डाव्याला पेलतो तेवढाच जोर उजव्यालाही मिळणार. डावं गरगरतं आणि गाडी जागेवर. इथे ट्रॅक्शन कंट्रोल दोन गोष्टी करतं. गरगरणाऱ्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावतं, म्हणजे त्या बाजूला विरोध वाढतो आणि उजव्याला जोर मिळतो. आणि इंजिनाचा जोर कमी करतं, तुमचा पाय एक्सिलरेटरवर तळापर्यंत गेलेला असला तरी. हल्ली पेडलपासून थ्रॉटलपर्यंत तार नसते, सगळं कॉम्प्युटरमधून जातं, त्यामुळे तो तुमचं ऐकेलच असं नाही.

चढणीत दम जातो तेव्हा

आपल्याकडच्या घाट्या सगळ्यांनी पाहिल्यात. डांबरी संपली की चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) गडग्यांमधून एक गाडी जाईल एवढीच वाट, वरून तांबड्या मातीचं पाणी वाहतंय, कडेला काजूचा कुजका पाला आणि नेमकं वळणावर हिरवं शेवाळ. पहिल्या गिअरमध्ये गाडी अर्ध्यावर येते, स्टिअरिंग वळलेलं असतं, आतलं चाक सुटतं. लाइट लुकलुकते, बॉनेटखालून करर्-करर् असा एबीएसच्या पंपाचा आवाज येतो आणि इंजिन एकदम खाली बसतं. चालवणाऱ्याला वाटतं डिझेलच पोचत नाही. या लक्षणावर फिल्टर बदलून घेतलेले लोक मला भेटलेत. फिल्टर चांगला होता. इंजिन खाली बसताना लाइट लुकलुकत असेल तर ते ट्रॅक्शन कंट्रोलचं काम आहे, इंजिनाचा दोष नाही.

मग बटण दाबायचं का? चाकाखाली काय आहे त्यावर आहे. चिखल असेल, टायरच्या खाचा मातीनं लिंपल्या असतील, तर चाक थोडं फिरू दिलं की माती उडून खाचा मोकळ्या होतात आणि खालच्या घट्ट थराला टायर लागतो. इथे बंद करणं फायद्याचं. शेवाळ असेल, ओलं गुळगुळीत काँक्रीट असेल, झिजलेला चिरा असेल, तर चाक कितीही फिरवा, खाली पकडायला दुसरं काही नाही. उलट गाडी मागून कडेला सरकते, आणि कडेला गडगा असेल तर नशीब, नाहीतर खालच्या माणसाची पोफळीची बाग. शेवाळावर सिस्टिम चालूच ठेवा. शेवाळाला उपाय म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासणं. खळ्यातलं शेवाळ असंच काढतो आपण, घाटीचंही निघतं.

चढण्याआधी पाहण्यासारख्या गोष्टी आणखी आहेत. टायरच्या खाचांमध्ये कायद्यानं १.६ मिलिमीटरची खूण असते, पण चिखलात टायर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. खाली सपाटीवरच सुरुवात घ्या, मध्ये थांबू नका, चाकं जमेल तेवढी सरळ ठेवा. आणि रेस एकसारखी. आमच्याकडे घाटीच्या तोंडाशी उभे असलेले काका पुतण्याला ओरडून सांगतात, "अरे, दाबू नको, दाबू नको, चालू दे तिला तशीच!" ते बरोबर सांगतात.

पण हेच काका आणखी एक सांगतात, तिथे गडबड आहे: "मागे दोघंजण बसा रे, वजन पडू दे." सुमो, ट्रॅक्स, बोलेरो, ओम्नी असल्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या जमान्यात हे शंभर टक्के खरं होतं. आजच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. चढणीला वजन आपोआप मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि डिकीत तांदळाचं पोतं आणि मागे तीन माणसं बसवली की उरलीसुरली पकडही जाते. अशा गाडीतली मागची मंडळी उतरवा, सामान खाली ठेवा. तरी जात नसेल, घाटी लहान आणि सरळ असेल, आणि बाहेर उभं राहून दाखवणारा माणूस असेल, तर रिव्हर्स चढवा. मग ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडतं. दिसायला विचित्र दिसतं, पण गाडी चढते.

एक लक्षात असू द्या. बिघाडाची लाइट स्थिर लागलेली असेल तर चढणीवर दोन सेकंद गाडी धरून ठेवणारा हिल होल्डही बहुतेक गाड्यांत बंद होतो. सवयीनं ब्रेक सोडाल आणि गाडी मागे येईल. हँडब्रेकवर उचला, जुन्या पद्धतीनं.

बटण कसं दाबायचं

बटण बहुधा स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली, हेडलाइट वरखाली करायच्या चक्रीजवळ असतं. काही नव्या गाड्यांत ते टचस्क्रीनच्या मेन्यूत लपवलंय, घाटीच्या अर्ध्यावर शोधत बसावं लागू नये म्हणून घरीच बघून ठेवा. इंजिन चालू, गाडी उभी, पाय ब्रेकवर, आणि एकदा दाबा. 'ऑफ' दिसलं की झालं. काही गाड्यांत एकदा दाबल्यावर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, आणि काही सेकंद दाबून धरलं तर ईएसपीही जातं. काही गाड्यांत बटण दाबूनही इंजिनाचा जोर तोडणंच तेवढं थांबतं, गरगरत्या चाकाला ब्रेक लावणं चालूच राहतं. ते बरंच आहे. एबीएस मात्र या बटणानं जात नाही, ब्रेक होते तसेच राहतात.

गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सिस्टिम परत येते. काही गाड्यांत ठरावीक वेगाच्या वर गेलं की आपोआप येते, काहींत येत नाही. म्हणून चिखलातून बाहेर पडल्या पडल्या बटण परत दाबायचं. आंबा घाट किंवा कुंभार्ली पावसात उतरायचा असेल तर 'ऑफ' विझलेलं बघूनच पुढे. ओल्या डांबरीवर वळणात गाडी सुटली की ईएसपी एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून ती ओळीत आणतं. कितीही कसलेल्या ड्रायव्हरकडे चार पेडल नसतात.

फेरीबोटीच्या उतरंडीवरही चालूच ठेवा. दाभोळ-धोपावे असो, जयगड-तवसाळ असो की वेसवी-बागमांडला, ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि तो वर्षभर शेवाळलेला असतो. बोटीवरचा माणूस हात दाखवेपर्यंत वरच कोरड्यात थांबा. निघालात की मध्ये थांबू नका.

पुळणीत रुतली तर

आधी हे: बहुतेक किनाऱ्यांवर गाडी खाली न्यायला मनाई आहे, पोलीस गुन्हाही दाखल करतात. वेळास, आंजर्ले भागात नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि चाकोरीत पडलेलं इवलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. तेव्हा घालू नका. पण हे वाचणाऱ्यातला एखादा तरी आत्ता रुतलेल्या गाडीत बसून वाचत असणार, त्याच्यासाठी पुढचं.

रेस देणं थांबवा. वाळूत चाक गरगरलं की ते खोदत खाली जातं, आणि गाडीचं पोट वाळूला टेकलं की चाकं हवेत असल्यासारखीच. पोट अजून टेकलं नसेल तर गाडी सहसा निघते. सगळे खाली उतरा. ओढणाऱ्या चाकांच्या पुढची-मागची वाळू हातानं किंवा फावड्यानं उपसून उतरती वाट करा. टायरमधली हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवा. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि वाळूवर भार विभागला जातो, यानं जितका फरक पडतो तितका बटणानंही पडत नाही. चाकांखाली नारळाच्या झावळ्या सारा, किनाऱ्यावर त्यांना तोटा नाही. गाडीतले रबरी मॅटही चालतील, पण ते मागे उडतात, तिथे कुणाला उभं करू नका.

आता ट्रॅक्शन बंद करा. ते चालू असेल तर चाक जरा फिरलं की इंजिन मारतं, आणि वाळूतून निघायला लागणारी एकसारखी ओढ मिळतच नाही. स्टिअरिंग सरळ, पुढे घेताना दुसरा गिअर, क्लच हळू, रेस बेताची. पण आधी पुढे नाही, मागे या. ज्या चाकोरीतून आलात तिथली वाळू दाबलेली आहे. थोडी हलली की थांबवून पुढे, पुन्हा मागे, अशी झुलवत काढा. क्लचचा जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरीवर वेगानं जाऊ नका.

आणि हे सगळं करायला किती वेळ आहे ते आधी बघा. भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तासाभराचा फरक धरा आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं, त्या दिवशी झावळ्या शोधण्याआधी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावा. ओढायचा हूक बंपरमागच्या लहान झाकणात स्क्रू करून बसवायचा असतो, तो स्टेपनीजवळच्या पिशवीत मिळेल. दोर बंपरला किंवा एक्सलला बांधू देऊ नका.

लाइट जातच नाही: इथून खरं काम

पहिली गोष्ट, ती कधी लागते ते आठवा. यावरून अर्धा रोग कळतो. सकाळी ओल्यात लागते आणि दुपारी गाडी तापल्यावर जाते, तर कुठल्यातरी कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडणीत, पाणी शिरतंय. खड्ड्यात आदळल्यावर लागते, तर वायर आतून तुटलीय किंवा कपलर सैल आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर लागते, तर पुढच्या चाकाकडे जाणारी वायर ताणली जातेय किंवा टायरला घासतेय. गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात, ब्रेक पायाखाली थरथरतो, तर रिंगवर गंज चढलाय आणि सेन्सर चुकीचं वाचतोय. बेअरिंग बदलून आल्यावरच लागली, तर त्यावर पुढे स्वतंत्र सांगतो.

चाक खोलण्याआधी फुकटच्या गोष्टी. चारही टायरची हवा आणि साइज बघा. एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्याला गुळगुळीत, किंवा कमी साइजची स्टेपनी लावून फिरताय, तर चाकांचा वेग जुळत नाही आणि सिस्टिम गोंधळते. बॅटरी बघा. गावच्या घरी महिना-महिना उभी राहणारी गाडी चालू करताना व्होल्टेज इतकं पडतं की एबीएसचं युनिट रुसतं. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ च्या खाली असतील तर आधी चार्ज करा. चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४. बॅटरी काढून लावली असेल तर स्टिअरिंगचा सेन्सर आपली जागा विसरलेला असतो. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवून थोडं सरळ चालवलं की बऱ्याच गाड्यांत लाइट जाते. मग कुणालातरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का बघा. पेडलवरचा ब्रेक स्विच लहानसा, स्वस्तातला पार्ट आहे, पण तो खराब झाला तर तुम्ही ब्रेक मारलाय हे सिस्टिमला कळत नाही आणि ती पिवळी लाइट लावून मोकळी होते. वायरिंग उंदरांनी कुरतडलीय का तेही बॉनेट उघडून बघा. पावसात त्यांना कोरडी, ऊबदार जागा तुम्हीच दिलेली असते.

एवढ्यानं गेली नाही तर स्कॅनर. ऑनलाइन मिळणारे अंगठ्याएवढे स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड दाखवतात. एबीएस वाचणारा हवा. सर्वसाधारण कोड असे: सी ००३५ डावं पुढचं चाक, सी ००४० उजवं पुढचं, सी ००४५ डावं मागचं, सी ००५० उजवं मागचं. कंपन्यांचे स्वतःचे कोडही असतात. पण कोडपेक्षा मला चालत्या गाडीतलं वाचन जास्त विश्वासाचं वाटतं. शेजारी एकाला स्कॅनर धरून बसवा, मोकळ्या सरळ रस्त्यावर वीसच्या वेगानं चला, चारही चाकांचे आकडे बघा. तीन जण वीस म्हणतात आणि एक मध्येच शून्य, तो चोर.

आता ते चाक काढा. दुसऱ्या चाकांना दगड लावा, जॅकखाली जाड फळी द्या, पावसातली तांबडी माती जॅक गिळते. आणि गाडी चिऱ्यावर टेकवून खाली शिरू नका, काहीही झालं तरी. जांभा घरच्या भिंतीत पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण एका बिंदूवर भार आला की न सांगता फुटतो.

हबच्या मागच्या बाजूला, ब्रेक डिस्कच्या आत, अंगठ्याएवढा काळा प्लास्टिकचा सेन्सर दिसेल, एका बोल्टनं धरलेला. त्यातून निघालेली वायर सस्पेन्शनला धरून वर मडगार्डच्या आत जाते आणि तिथे कपलर असतो. आधी कपलर उघडा. आमच्या भागातल्या गाड्यांत निम्म्या वेळा दुखणं इथेच सापडतं: पिना हिरव्या पडलेल्या, आत ओल. खारी हवा आणि तांब्याचं जमत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशनं पिना साफ करा, वाळू द्या, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. पिन पातळ झाली असेल तर कपलर बदला, वायरी पिळून टेप मारू नका. त्या टेपमध्ये पुढच्या पावसाचं पाणी बसतं.

कपलर चांगला निघाला तर सेन्सर. बोल्ट काढून तो हळू हलवत बाहेर घ्या. गंजानं धरला असेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून थांबा. पक्कडीनं ओढलात तर डोकं हातात आणि शेपूट आत राहील, मग ते ड्रिलनं काढावं लागतं. टोकावर काळी लव चिकटलेली असते, ती ब्रेक डिस्कच्या लोखंडाची पूड. सेन्सरच्या किंवा रिंगच्या चुंबकाला ती धरून बसते. कापडानं पुसा. भोकातला गंजाचा पापुद्रा खरवडून काढा, नाहीतर सेन्सर तिरका बसतो आणि रिंगपासूनचं अंतर वाढतं. मल्टिमीटरनं ओहम मोजायचा मोह आवरा: जुन्या कॉइलच्या सेन्सरला ते चालायचं, हल्लीच्या हॉल सेन्सरला त्यातून काही कळत नाही.

बेअरिंगचं म्हणालो होतो ते आता. बऱ्याच गाड्यांत चुंबकी रिंग वेगळी नसते, बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच असते. महामार्गावरच्या खड्ड्यांनी बेअरिंग वाजायला लागतं, गावातला मेकॅनिक नवं ठोकून देतो, आवाज जातो आणि लाइट येते. कारण बेअरिंग उलटं बसलंय, चुंबकी बाजू सेन्सरकडे नाही. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच. बसवण्याआधी कागदाची टाचणी लावून बघा, चिकटते ती बाजू सेन्सरकडे. एकदा ठोकलेलं बेअरिंग काढलं की ते बहुधा वायाच जातं, म्हणून हे मेकॅनिकला आधीच सांगा. त्याला राग आला तर येऊ द्या.

हे सगळं करून लाइट गेली तरी दर पावसात परत येऊ नये असं वाटत असेल तर फेरीबोटीतून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यानं चाकांच्या आतून धुवा. प्रेशर पंपाचं तोंड मात्र सेन्सरवर आणि कपलरवर धरू नका, धुण्याच्या नादात पाणी तुम्हीच आत भरता.

फ्यूज काढायचा सल्ला

बटण नसलेल्या गाडीत ट्रॅक्शन बंद करायला एबीएसचा फ्यूज काढ, असं सांगणारे भेटतात. त्यानं ट्रॅक्शन जातं हे खरं. सोबत एबीएस जातं, आणि ईबीडीही जातं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्था. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. रुतलेली गाडी पाच फूट मागे घेण्यासाठी केलंत आणि लगेच परत बसवलात तर एक वेळ समजू शकतो. तो फ्यूज खिशात घेऊन परशुराम घाट उतरणाऱ्याला मी काय सांगणार?

नुसती ट्रॅक्शनची किंवा तिच्याबरोबर एबीएसची पिवळी लाइट असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. अंतर ठेवून, उताराला खालच्या गिअरमध्ये, गॅरेजपर्यंत नेता येते. तिच्याबरोबर ब्रेकची लाल लाइटही लागली असेल तर हँडब्रेक ओढलेला राहिला नाही ना बघा, मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर कुठूनतरी गळतंय, आणि पातळी ठीक असेल तर ईबीडी गेलंय. पहिल्या बाबतीत गाडी टोइंगवर घाला. दुसऱ्या बाबतीत सपाटीनं, चाळिशीच्या आत, जवळच्या गॅरेजपर्यंत. वाटेत घाट असेल तर तीही टोइंगवरच.